निळं राहिलं तर

आधी मावशीचं सांगते, मग माझं. माझं सांगायला बसले की मी अजूनही घाबरते आणि भलतीकडंच वाहवत जाते. मग जिच्यामुळं मी आज चारचौघांसारखी दोन्ही गालांनी जेवते, तिचं सांगायचं राहून जातं.

मावशी ठाकरवाडीवरची. कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत मी स्वयंपाकीण होते आणि ती माझ्या हाताखाली होती. हाताखाली म्हणजे फक्त हजेरीला. प्रत्यक्षात लाकडं ओली निघाली, पोरं आजारी पडली, मला रडू आलं, तर निस्तरायला मावशीच. ती माझी कुणी सख्खी नव्हे. केस पिकलेले, अंगानं काटकुळी, आणि बोलायला लागली की समोरच्याला घाम फुटेल अशी. माझ्यासाठी तिनं एका मुंबईच्या डॉक्टरांशी भर दवाखान्यात भांडण काढलं. ते भांडण झालं नसतं तर पुढं काय झालं असतं, याचा मी फार विचार करत नाही. करवत नाही.

मी लातूरच्याही पलीकडची. सहावीत शाळा सुटली. दुष्काळात घरची सगळी माणसं खडी फोडायला गेली, तशी मीही गेले. लग्न झालं, आणि पोर पोटात असतानाच नवरा गेला. लांबच्या एका नातेवाइकाच्या ओळखीनं इकडं चुलीचं काम मिळालं, म्हणून पोरीला आईपाशी ठेवून आले. आमच्याकडं काळं रान आणि ज्वारीची भाकरी. इकडं जिकडं बघावं तिकडं डोंगर, आणि ताटात भात. पहिले कितीतरी महिने मला इथलं बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. मावशीचं वाडीवरचं बोलणं तर अजिबात कळायचं नाही. म्हणून माझ्याशी ती बाजारात बोलतात तसं बोलायची.

पण एक गोष्ट आम्हा दोघींची पहिल्या दिवसापासून जुळली होती. मशेरी. आमच्याकडं तिला मिसरी म्हणतात. लहानपणी दाढ ठणकली म्हणून आईनं बोटावर दिली, ती सुटलीच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. पहाटे चूल पेटवायच्या आधी चिमूट घ्यायची, दातांवरून फिरवायची आणि उरलेली डाव्या गालात धरून बसायचं. जाळ धरला की थुंकायचं. मावशीही तशीच. दोघी चुलीपुढं गाल फुगवून बसलेल्या, बोलणं बंद. पोरं आम्हाला हसायची.

त्या उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेले तेव्हा डाव्या गालाला तिखट झोंबायला लागलं होतं. मी उजवीकडून जेवायची. आईच्या लक्षात आलं नाही, पोरीच्या आलं. ती म्हणाली, आई, तू तिकडं घास का नेत नाहीस? मी म्हटलं, दाढ किडलीय.

दाढ किडलेली नव्हती. परत आल्यावर एकदा भर उन्हात हातआरसा धरून बघितलं. गालाच्या आत पांढरा डाग होता, चुन्याचं बोट पुसल्यासारखा. घासून निघेना. मी आरसा पालथा घातला आणि तांदूळ निवडायला बसले. आमच्या गावात एका बाईच्या गालाला भोक पडलेलं मी पाहिलं होतं. जेवताना ती त्या बाजूला पदर धरायची. शेवटी शेवटी तिच्या शेजारी कुणी बसेना, तिच्या घरचेसुद्धा. मला मरणाचं तितकं वाटलं नाही, त्या पदराचं वाटलं. आणि पोरीचं. सुट्टीला येते ती बाई आपली आई, एवढीच तिची माझी ओळख. ती ओळख असल्या तोंडानं संपायची का, हे मनातून जाईना.

मावशीला मी सांगितलं नाही. तिनंच एक दिवस पेज ओतता ओतता म्हटलं, "तोंड दाव." मी नको म्हटलं. तिनं पळी खाली ठेवली आणि माझी हनुवटी धरली. बघितलं आणि हनुवटी सोडली. मावशी बोलत नाही म्हटल्यावर मी समजायचं ते समजले.

मग म्हणाली, कशेळ्याच्या दवाखान्यात मुंबईचा डॉक्टर येतो, बायांची तोंडं बघतो, जाऊ.

त्या दवाखान्याची नर्सबाई पोरांना टोचायला शाळेत यायची. तिनं बजावून सांगितलं की तपासणीच्या दिवशी मशेरी लावायची नाही, तोंड स्वच्छ ठेवून यायचं. शाळेच्या अधीक्षकांनी रजा दिली, पण तोंड वाकडं करून. सकाळचं जेवण उरकून जा आणि संध्याकाळच्या भाताला या, म्हणाले. पोरं उपाशी राहिली तर जबाबदार कोण? मावशी म्हणाली, मी.

निघालो तेव्हा माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. भीतीनं घास उतरत नव्हता, आणि मशेरी नसल्यानं डोकं नुसतं भणभणत होतं. वर तोंडाला जुन्या तंबाखूचा वास येतोय असं सारखं वाटायचं. डॉक्टर काय म्हणतील? मी दर थोड्या वेळानं ओढ्याच्या पाण्यानं चूळ भरत होते. वाटेत मावशीनं पदरातून जांभळं काढली. शाळेमागच्या झाडाची, टपोरी, अगदी पिकलेली.

"खा. पोटाला आधार व्हतो, न् जांभळानं तोंड साफ व्हतं. आमी सालसुदीक चावतो."

तुरट चवीनं वास मरतो हे मलाही पटलं. आमच्याकडं हिरड्या सुजल्या की बाभळीची साल चावतात, तसंच हे. दोघींनी बिया थुंकत थुंकत सगळी जांभळं संपवली. तोंड आतून आक्रसल्यासारखं झालं. मला तेवढंच बरं वाटलं, घासून धुतल्यासारखं. दवाखान्यातलं औषध कोणत्या रंगाचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी आमच्या ध्यानात आलं असतं की नाही, कोण जाणे.

बाजाराचा दिवस होता, दवाखान्याची पडवी बायांनी भरली होती. वीज गेलेली. आभाळ भरून आलेलं, त्यामुळं आत कोंदट अंधार. नर्सबाई एकेकीला पुढं घेत होती. आधी सिरक्यासारख्या आंबट पाण्याची चूळ. मग कापसाच्या बोळ्यानं गाल, जीभ, हिरड्या सगळीकडं एक निळं औषध लावायचं. थोडं थांबायचं, परत आंबट पाण्यानं खळखळून टाकायचं. हे करता करता ती सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, की चांगल्या कातडीवर हा रंग टिकत नाही, धुतला की निघून जातो. जिथं आतलं काही बिघडायला लागलंय, तिथं तो चिकटून राहतो. तोच भाग मग डॉक्टर निरखून बघतात.

निळं गेलं तर घरी, निळं राहिलं तर मुंबई, एवढं प्रत्येकीला कळलं.

माझ्या आधीच्या बायका आत जायच्या, चेष्टा करत बाहेर यायच्या. एक म्हणाली, नवऱ्याला निळी जीभ दाखवून घाबरवते. माझा नंबर आला. नर्सबाईची घाई चालली होती, तोंडात नीट डोकावायला तिला सवड नव्हती आणि उजेडही नव्हता. चूळ, बोळा, थांब, चूळ. मला आत खुर्चीवर बसवलं.

डॉक्टर पोक्त, हळू बोलणारे होते. कपाळाला पट्ट्यानं गोल आरसा बांधलेला, मधोमध भोक असलेला. माझ्या डोक्यामागं बॅटरीवरचा दिवा होता. त्याचा पिवळा उजेड आरशावर पडून माझ्या तोंडात यायचा. त्यांनी डावा गाल बघितला. मग उजवा. मग जीभ उचलायला सांगितली, टाळू बघितली. परत डावा गाल. आरसा जरा सरळ केला आणि परत पहिल्यापासून बघायला लागले. आधीच्या बायांना इतका वेळ लागला नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि चेहरा काही सांगत नव्हता.

मिसरी किती वर्षं लावता, त्यांनी विचारलं. लहानपणापासून, म्हटलं. मुलंबाळं? एक मुलगी. इथं तुमच्याबरोबर कोण आहे? मी म्हटलं, मावशी. त्यांनी नर्सबाईला सांगितलं, त्यांना आत बोलवा. मग माझ्याकडं न बघता म्हणाले की रंग बऱ्याच ठिकाणी धरलाय, दोन्ही गालांत, जिभेवर, टाळूवरही. थांबण्यात अर्थ नाही. मुंबईला मोठ्या दवाखान्यात उद्याच्या उद्या दाखल व्हावं लागेल, मी चिठ्ठी देतो.

मला खोलीतलं काही दिसेना. कानात ओढ्यासारखा आवाज. एवढंच आठवतं, की मी पदर उचलून गालाला लावला. त्या गावच्या बाईसारखा.

मावशी आत आली. डॉक्टरांनी तिला तेच सांगितलं, सोपं करून. तिनं ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलं, पदराकडं बघितलं आणि सुरू झाली. ती म्हणत होती, की एवढं सगळं तोंड नासलंय तर ही काल माझ्यासंगं चटणी-भात कशी जेवली? डाग मी स्वतः बघितलाय, एकाच बाजूला, बोटाएवढा. रात्रीतून टाळूवर कसा गेला? तुमचा दिवा खोटा हाय का तुमचं औषध?

डॉक्टर शांतपणे म्हणाले, बाई, मला जे दिसतंय ते सांगतोय.

"तुमाला दिसतंय न् मला नाय दिसत? माझं बी डोळंच हायेत. बघा परत. पोर हाय तिला. परत बघा."

ती त्यांच्या तोंडासमोर वाकून हे बोलत होती. आरशाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. डॉक्टर काहीतरी उत्तर द्यायला गेले आणि थांबले.

"मावशी, जरा आ करा."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"करा तर खरं."

तिनं रागानं आ केला. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी नर्सबाईला विचारलं, यांना औषध लावलं होतं का? नर्सबाई म्हणाली, यांचं नावच नाही यादीत.

"मग यांची जीभ अशी कशानं?"

मावशी माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "जांभळं खाल्ली वाटंला."

नर्सबाई हसली. बाहेर पडवीपर्यंत बातमी गेली, तिथंही हशा झाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपाळाचा आरसा वर सारला आणि म्हणाले की चूक माझी, या पिवळ्या दिव्यात दोन्ही रंग एकसारखेच दिसले, रंग लावायच्या आधी मी स्वतः तोंड बघायला हवं होतं. लिहायला घेतलेली चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली. फाडली नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मी सुटले असं कुणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. पांढरा डाग जांभळाचा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, तोंड साफ होईपर्यंत थांबा, शेवटी बघतो. मावशीनं फडक्यातली नाचणीची भाकरी काढली आणि मला कोरडीच चावायला लावली, भांडी घासायला राख लावतो तशी. मीठ चोळलं. चूळ, भाकरी, परत चूळ. एक बाई लिंबू देऊन गेली. मधेच मावशीनं शाळेकडं जाणारी जीप थांबवली आणि अधीक्षकांना निरोप धाडला, आज भाताला उशीर होईल, पोरांना तोवर चणे द्या, काय बोलायचं ते मला बोला. मग परत येऊन माझ्या तोंडात डोकावली. "अजून हाय. चाव."

दुपार कलली तेव्हा ढग जरा फाटले. डॉक्टरांनी खुर्ची अंगणात घ्यायला सांगितली, उन्हात. आधी औषधाशिवाय सगळं तोंड बघितलं. मग स्वतःच्या हातानं रंग लावला, स्वतः चूळ भरायला दिली. आता दिवा नव्हता. सूर्य त्यांच्या आरशात आणि तिथून माझ्या तोंडात. इतका लख्ख, की मला गालावर ऊब लागत होती.

त्यांनी उजवीकडं बघितलं, म्हणाले, स्वच्छ. जीभ, स्वच्छ. टाळू, स्वच्छ. डावीकडं आले आणि आरसा आणखी जवळ आणला.

मग त्यांनी मावशीला जवळ बोलावलं आणि बोट दाखवलं. मघाशी भांडली होती म्हणून असेल, पण त्यांनी तिलाच दाखवलं. तिनं बघितलं. नंतर मला म्हणाली, "मसुराएवढं हाय. निळंभोर. बाकी गेलं समदं, तेवढं नाय गेलं."

डॉक्टरांनी त्या जागेवर लाकडाची चपटी काडी हलकेच घासली, काडीवरचं काचेवर पसरलं, त्याच निळ्या औषधाचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवली. खिडकीत दुर्बीण मांडली होती. नर्सबाई मायक्रोस्कोप म्हणायची. तिच्याही बुडाशी एक आरसा होता, बाहेरचा उजेड धरायला. त्यांनी डोळा लावला, आरसा फिरवला, आणि नेमकं तेव्हाच ऊन गेलं. खोली काळवंडली. ते डोळा न काढता म्हणाले, थांबू या.

ढग जायची वाट मी पुष्कळ वेळा बघितली आहे, वाळवण घातलेलं असताना, चूल बाहेर मांडलेली असताना. पण त्या दिवशी बघितली तशी कधीच नाही. मावशी अंगणात उभी राहून आभाळाकडं बघत होती आणि आपल्या वाडीच्या बोलीत त्या ढगाला काहीतरी सुनावत होती. काय ते मला कळलं नाही, शिव्याच असाव्यात. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

ऊन आलं. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं, मग मला बोलावलं. बघा, म्हणाले, तुमचंच आहे. मला आधी माझ्या पापण्याच दिसल्या. मग उजेडाच्या गोल ताटलीत फिकट निळे तुकडे दिसले, कडा दुमडलेल्या पानांसारखे, प्रत्येकात एक गडद टिपका. डॉक्टर म्हणाले, हे लहान टिपके असलेले नेहमीचे. आणि हे बघा, यांचा टिपका फार मोठा झालाय, रंगही जास्त प्यायलाय. हे बिघडलेले. किती बिघडलेत ते एवढ्यावरून मी सांगू शकत नाही, मघाशी एकदा घाई केलीय. तुकडा काढून मुंबईला न्यावा लागेल.

इंजेक्शन देऊन त्यांनी तिथंच गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. छोट्या बाटलीत, पाण्यासारख्या औषधात तो बुडाला. त्या बाटलीकडं मी बघत राहिले. माझं काय व्हायचं ते सगळं त्या बाटलीत, आणि ती मुंबईला चाललेली. निकाल खालापूरला मिळणार होता, डॉक्टरांची पुढची फेरी तिथल्या दवाखान्यात होती.

मधले दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. मशेरीची डबी मी चुलीत टाकली. रोज आरसा घ्यायची आणि रोज मावशी तो हिसकावून घ्यायची. पोरीला लिहायला घेतलं आणि टाकून दिलं. एकदा भातात दोनदा मीठ पडलं. पोरांनी मुकाट खाल्लं, तेही बहुतेक मावशीनं डोळे वटारल्यामुळं.

खालापूरला ती माझ्याबरोबर आलीच. एसटीत उलट्या करत आली, गाडीची तिला सवय नव्हती. डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं. कागद वाचून दाखवायच्या आधीच त्यांनी मावशीला सांगितलं, आज भांडू नका. मग म्हणाले की पेशी बिघडलेल्या आहेत, पण वरच्या वर आहेत. अजून आत उतरलेलं नाही. तेवढा भाग पुरा काढून टाकला आणि मिसरीला परत हात लावला नाही तर हे इथंच थांबावं. दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. आणखी वर्षभर गेलं असतं तर मी हे बोललो नसतो.

मावशी म्हणाली, "म्हंजे कॅन्सर नाय?"

"वाटेवर होता," डॉक्टर म्हणाले. "वाटेतच गाठला."

मी तिथंच भुईवर बसले. मावशी मात्र उभीच होती. डॉक्टरांना तिनं विचारलं, मुंबईला किती दिवस लागतील, म्हणजे मला चुलीचं बघायला. मी मुंबईला होते तितके दिवस तिनं एकटीनं शाळा जेवू घातली.

डाग गेला. तिथं आता जिभेला एक गुळगुळीत पट्टी लागते. तपासणीला मी अजून जाते आणि प्रत्येक वेळी ते निळं औषध लागलं की मी पदर मुठीत धरून बसते. आजवर रंग धुतला गेलाय, दर खेपेला.

राहिली मावशी. त्या दिवशी कशेळ्यालाच डॉक्टर तिला म्हणाले होते, आलाच आहात तर तुमचंही बघतो. ती म्हणाली, मला काय होतंय, आणि पडवीत जाऊन बसली. नंतर मी कितीदा म्हटलं. चिडते. आता ती काम सोडून वाडीवर राहते. मी गेले की अंगणात चूल पेटवत बसलेली असते, डाव्या गालात चिमूट धरून, आणि माझ्याकडं बघून हसते ते ओठ मिटूनच. मागच्या खेपेला जेवताना ती घास उजवीकडं नेत होती. मी विचारलं तर म्हणाली, दाढ किडलीय.

डॉक्टरांची फेरी अजून येते. मी नर्सबाईकडं मावशीचं नाव दिलंय. तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. वाटेत जांभळं खाऊ देणार नाही. ती खुर्चीवर बसायची नाही, पळायला बघेल, तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून मी उभी राहीन. ऊन गेलं तर ढगाला शिव्याही देईन, मला येतात तशा. आणि डॉक्टर काही वाईट बोललेच, तर त्यांच्या तोंडासमोर वाकून म्हणेन, परत बघा.